धर्माच्या नावाने झालेल्या हिंसेचा अभ्यास कसा करावा

गेली आठ वर्षे, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी, सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही दहा-पंधरा जण जमतो आणि जगात धर्म, राजकारण आणि दहशतवादी हिंसा एकमेकांत कशी गुंतली आहेत, याचा अभ्यास करतो. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली आहेत आणि एक रिक्षाचालकही आहेत. असा वर्ग आपल्या सोसायटीत किंवा महाविद्यालयात सुरू करायचा असेल तर काय करावे, असे अनेक जण विचारतात, म्हणून आमची पद्धत येथे लिहून काढली आहे. एकट्याने अभ्यास करणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल. मात्र या विषयात एकटा माणूस स्वतःला हवे तेवढेच वाचत जातो, हा माझा अनुभव आहे. त्यामुळे ज्याचे मत आपल्याला पटत नाही असा किमान एक जोडीदार आधी शोधावा.

या पद्धतीचा गाभा प्रश्नांच्या क्रमात आहे. हिंसेची बातमी आली की ‘हे करणारा कोणत्या धर्माचा?’ हा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारतो, त्याचे उत्तर लगेच मिळते आणि विचार तेथेच थांबतो. तो प्रश्न टाळावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. तो शेवटी विचारावा. त्याआधी हे केव्हा घडले, नेमके तेव्हाच का घडले, माणसे कोणी गोळा केली, त्यातून कोणाला सत्ता हवी होती आणि मारण्याची परवानगी कोणी दिली, हे विचारावे. या वाटेने गेल्यावर धर्म निर्दोष सुटतो असेही नाही आणि एकटा धर्मच गुन्हेगार ठरतो असेही नाही.

सुरुवात आपल्या गावापासून

पहिल्या वर्षी आम्ही सुरुवात इराक आणि सीरियापासून केली आणि ती चूक ठरली. दूरच्या देशांबद्दल सगळेच ठामपणे बोलत होते, कारण तेथे कोणाचेच काही पणाला लागलेले नव्हते. दुसऱ्या वर्षी आम्ही पुण्यापासून आरंभ केला आणि खोलीतला आवाज आपोआप खाली आला.

पुण्याच्या जवळपास सव्वाशे वर्षांत यासाठी पुरेशी सामग्री आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींना मारणारा नथुराम गोडसे पुण्यातून वर्तमानपत्र चालवत होता. १० ऑगस्ट १९८६ रोजी माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना पुण्याच्या रस्त्यावर खलिस्तानवाद्यांनी गोळ्या घातल्या. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरले, तेव्हा ते लष्करप्रमुख होते. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचा जीव गेला. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरायला निघाले असताना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर मारले गेले. या पाच प्रकरणांत आरोप झालेले किंवा दोषी ठरलेले लोक तीन वेगवेगळ्या धर्मांतले आहेत, एवढी एकच गोष्ट पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहिली तरी पुढचे काम सोपे होते.

पहिली बैठक शक्यतो खोलीत घेऊ नये. आम्ही सकाळी लवकर त्या पुलावर जातो. त्याला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे, म्हणजे अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या माणसाचे. तेथे भाषण करायचे नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, फक्त पाच मिनिटे उभे राहायचे. कानटोपी घातलेले आजोबा, दुधाच्या पिशव्या लटकवलेली सायकल आणि शाळेची व्हॅन शेजारून जात असतात. मारेकऱ्याला हवी होती ती हीच वेळ, रोजच्या रोज ठरलेली. हिंसा वाचनात येते तेव्हा ती आकड्यांत असते, आणि ती माणसाच्या दिनक्रमात कोठे शिरली हे पाहिल्याशिवाय पुढचे पान उलटू नये, असे मला वाटते.

वही कशी आखावी

लांब आडवी हिशेबाची वही घ्यावी आणि प्रत्येक घटनेला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर तारीख, ठिकाण, काय घडले आणि हे आपल्याला कोणाकडून कळले, एवढेच शाईने लिहावे. उजव्या पानाचा वरचा भाग घटनेच्या आधीच्या दहा वर्षांसाठी आणि खालचा भाग नंतरच्या दहा वर्षांसाठी राखावा. तळाशी न्यायालयाच्या निकालासाठी मोकळी जागा सोडावी. आपले मत समासात आणि पेन्सिलीनेच लिहावे. पेन्सिलीचा हा नियम नव्या लोकांना पोरकट वाटतो, पण दोन वर्षांपूर्वीचे आपलेच मत खोडताना माणसाचे बरेच शिक्षण होते.

शब्दांची तपासणी

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ घेतो आणि घ्यावाच. मराठीत एका माणसाने दुसऱ्याला मारले तर त्याला खून म्हणतात, हत्या म्हणतात आणि वधही म्हणतात. वध कंसाचा होतो, रावणाचा होतो, अफझलखानाचा होतो. म्हणजे ज्याला वध म्हटले तो राक्षस किंवा शत्रू होता, हे शब्दानेच ठरवून टाकलेले असते. ‘गांधीहत्या’ आणि ‘गांधीवध’ हे दोन्ही शब्द मराठीत छापले गेले आहेत आणि त्यांतला कोणता वापरला आहे यावरून लिहिणाऱ्याची बाजू पहिल्याच ओळीत कळते. वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या घरात कोणता शब्द ऐकला ते सांगावे, असे आम्ही सुचवतो, आणि त्या दिवशी चहा नेहमीपेक्षा उशिरा होतो.

चापेकरांचे उदाहरण याहून अवघड आहे. सरकारी कागदांत ते खुनी आहेत आणि आपल्यासाठी ते हुतात्मे आहेत, तीन भाऊ फासावर गेलेले. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरात, देवघरात शिरत होते, बायकांची तपासणी होत होती, माणसे उचलून नेली जात होती. संताप खरा होता आणि त्याला कारणही होते. त्याच वेळी चापेकरांच्या मनात समाजसुधारकांबद्दलही तीव्र राग होता आणि त्यांचे राजकारण व त्यांचा धर्माभिमान एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. हे उदाहरण घेतले की कोणी ना कोणी दुखावतो. तरी ते वगळू नये, कारण ‘एकाचा अतिरेकी तो दुसऱ्याचा हुतात्मा’ ही गोष्ट बाहेरच्या देशाच्या उदाहरणाने कळत नाही, आपल्याच गल्लीतल्या उदाहरणाने कळते.

‘दंगल’ हा शब्दही थांबून पाहावा. दंगल म्हटले की दोन बाजू समोरासमोर आल्या असे चित्र उभे राहते. एका बाजूच्या जमावाने दुसऱ्या बाजूच्या वस्तीवर चाल करून माणसे मारली असतील तर त्याला हत्याकांड हा शब्द आहे आणि तो वापरावा. तसेच मारणारा आपल्यासारखा असला की वर्तमानपत्र त्याला ‘माथेफिरू’ म्हणते आणि परका असला की ‘दहशतवादी’ म्हणते. पहिल्या शब्दाने तो एकटा पडतो, दुसऱ्याने त्याच्यामागे एक सबंध समाज उभा केला जातो. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ जण मारले गेले, तेव्हा पहिल्या काही तासांत अनेक भाष्यकारांनी हे जिहादी गटाचे काम असावे असे सांगून टाकले होते. मारेकरी नॉर्वेचाच निघाला आणि आपण ख्रिस्ती युरोप वाचवायला निघालो आहोत, असा त्याचा दावा होता.

दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या आयती मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. सर्वंकष आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा भारतानेच १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडला होता. स्वातंत्र्यलढे आणि सरकारी फौजा यांचे काय करायचे, यावर तो अडला आणि अजून मंजूर झालेला नाही. आमच्यापुरते आम्ही असे ठरवले आहे की निःशस्त्र माणसांना मारून तिसऱ्याच कोणाला घाबरवणे आणि त्याच्याकडून राजकीय गोष्ट करवून घेणे, याला दहशतवाद म्हणायचे, आणि करणाऱ्याच्या अंगावर गणवेश असला तरी हाच प्रश्न विचारायचा.

तारखा मागे न्याव्यात

आता उजवे पान भरायला घ्यावे. येथे नकाशा, निवडणुकांचे निकाल आणि कायद्यांच्या तारखा जवळ असाव्यात.

उत्तर आयर्लंडपासून सुरुवात केलेली चांगली, कारण तेथे आपल्यापैकी कोणीच पक्षकार नाही आणि कागद भरपूर उपलब्ध आहेत. वरवर पाहता तेथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट तीस वर्षे लढले आणि साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. पण दहा वर्षे मागे गेले की प्रार्थनेच्या पद्धतीवरचा वाद कोठेच सापडत नाही. सापडतात ती नगरपालिकेची घरे कोणाला द्यायची, वॉर्डांच्या सीमा कशा आखायच्या आणि स्थानिक निवडणुकीत मत कोणाला असावे, ही भांडणे. १९६८ मध्ये डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ऑगस्ट १९७१ पासून विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली. ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळीबार करून त्या दिवशी तेरा जणांना मारले आणि त्यानंतर सशस्त्र गटाकडे जाणाऱ्या तरुणांची रीघ लागली. या सगळ्यात धर्माचे काम होते ते शाळा, वस्ती आणि लग्न वेगळे ठेवण्याचे. त्यामुळे रेषा आधीच आखलेली होती आणि राजकारणाला ती फक्त गडद करावी लागली. १० एप्रिल १९९८ च्या करारात पंथमतांवर नाही, तर सत्तेच्या वाटपावर सह्या झाल्या.

दुसरे उदाहरण युगोस्लाव्हियाचे घ्यावे. २८ जून १९८९ रोजी, तुर्कांपुढे सर्बांचा पराभव म्हणून आठवल्या जाणाऱ्या १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईला सहाशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोसेविच यांनी त्या रणभूमीवर प्रचंड सभा घेतली. सहा वर्षांनी, जुलै १९९५ मध्ये, बोस्नियातल्या स्रेब्रेनिका येथे सर्ब फौजेकडून सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक यांच्या बोलीत पुणेरी आणि कोल्हापुरी मराठीइतकाही फरक नसेल, आणि अनेकांच्या घरांत आंतरधर्मीय लग्ने झालेली होती. साम्यवादी व्यवस्था ढासळत असताना खुर्ची टिकवण्यासाठी ज्यांना नवा आधार हवा होता, त्यांनी सहाशे वर्षांपूर्वीचा पराभव काल झाल्यासारखा लोकांसमोर ठेवला. इतिहासाचे प्रेम मलाही आहे, आयुष्यभर मी तोच शिकवला; म्हणूनच जुन्या लढाईचे स्मरण सभेत होत असेल तर ती सभा कोणत्या निवडणुकीच्या किती दिवस आधी आहे, हे वहीत अवश्य लिहावे असे मी मुद्दाम सांगतो.

तिसरे उदाहरण खालच्या भागासाठी, म्हणजे ‘नंतर’साठी. १९९३ मध्ये इस्राएल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात ओस्लो करार झाला. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी हेब्रॉनमध्ये एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारले. त्या एप्रिलपासून हमासचे आत्मघाती हल्ले इस्राएली बसगाड्यांवर होऊ लागले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी पंतप्रधान यित्झाक राबिन यांना एका ज्यू तरुणानेच मारले, कारण देवाने दिलेली भूमी ते सोडून देत आहेत असे त्याला वाटत होते. १९९६ च्या सुरुवातीला पुन्हा बसमध्ये स्फोट झाले आणि मे महिन्यातली निवडणूक कराराच्या विरोधकांनी अगदी थोड्या फरकाने जिंकली. एकमेकांचे हाडवैरी असलेल्या दोन बाजूंच्या अतिरेक्यांचे लक्ष्य एकच होते, आणि ते म्हणजे तडजोड. हे वहीत तारखांच्या खाली तारखा मांडल्यावर जसे दिसते, तसे लेख वाचून दिसत नाही.

जमावाच्या हातात यादी होती का?

‘लोकांचा उद्रेक झाला’ हे वाक्य कोठेही वाचले की त्याखाली रेघ मारावी आणि यादीबद्दल विचारावे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २,७३३ शीख मारले गेले, आणि जमावापाशी मतदारयाद्या होत्या, असे अनेक साक्षीदारांनी सांगितले. त्याच्या सव्वा वर्ष आधी, जुलै १९८३ मध्ये, कोलंबोत तमिळांची घरे आणि दुकाने शोधतानाही मतदारयाद्या वापरल्या गेल्याचे नोंदवले गेले आहे. उत्स्फूर्त रागाला घर क्रमांक माहीत नसतो. यादी असेल तर ती कोणी दिली, रॉकेल कोणी आणले, ट्रक कोणाचे होते आणि पोलीस किती वेळाने आले, हे चार प्रश्न पाठोपाठ येतात.

या ठिकाणी आमच्या वर्गातल्या एका बाईंविषयी लिहायला हवे. पाच-सहा बैठका त्या काहीच बोलल्या नव्हत्या. दिल्लीच्या याद्यांची चर्चा झाली त्याच्या पुढच्या बैठकीला त्या कापडी पिशवीतून तांब्याचे एक घंगाळ घेऊन आल्या. एका बाजूने ते काळे पडून आत चेपले होते आणि एक कडी वितळून वाकली होती. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्यांत त्यांच्या आजोबांचा वाडा होता. आजोबा शाळामास्तर होते, त्यांनी गांधीजींची सभा ऐकली होती आणि गोडसे हे नाव त्यांनी रेडिओवर प्रथम ऐकले होते. ‘आमच्या आळीत कोण कोण राहतं हे बाहेरून आलेल्यांना कसं कळलं, हे आजी मरेपर्यंत विचारत होती,’ एवढेच त्या म्हणाल्या. समोर बसलेल्या मुलांनी घंगाळाला हात लावून पाहिला. त्यानंतर ‘त्यांच्या समाजाने याची किंमत मोजलीच पाहिजे’ हे वाक्य त्या खोलीत मी पुन्हा ऐकलेले नाही.

परवानगी कोणी दिली?

मूळचा प्रश्न आता घ्यावा. ‘सगळे राजकारणच आहे, धर्माचा काही संबंध नाही’ हे सभ्य माणसांचे आवडते उत्तर आहे आणि ते अपुरे आहे. सत्तेसाठी माणूस भांडतो, पण शेजाऱ्याला मारायला किंवा स्वतः मरायला त्याला त्याहून मोठे काही लागते. हे पुण्य आहे, अपमानाचा बदला आहे, जग शुद्ध करण्याचे काम आहे, असे त्याला ज्याचा शब्द तो मानतो अशा कोणीतरी सांगावे लागते. म्हणून धर्मग्रंथात काय लिहिले आहे यावर तासभर वाद घालण्यापेक्षा, या विशिष्ट माणसाला परवानगी कोणी दिली, हे शोधावे.

पाकिस्तानातल्या पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांची ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने हत्या केली. ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या एका ख्रिस्ती मजूर बाईची त्यांनी बाजू घेतली होती. तारखा मागे नेल्या तर हा कायदा मृत्युदंडापर्यंत कडक झाला तो १९८६ मध्ये, जनरल झिया यांच्या काळात, जेव्हा लष्करी सत्तेला धार्मिक पाठबळ हवे होते. पुढे नेल्या तर मारेकऱ्यावर काही वकिलांनीच फुले उधळली, २०१६ मध्ये त्याला फाशी झाल्यावर अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली आणि त्या लाटेवर उभ्या राहिलेल्या पक्षाला २०१८ च्या निवडणुकीत वीस लाखांहून अधिक मते पडली. सत्तेने कायदा केला, व्यासपीठावरून परवानगी मिळाली, एकाने गोळी झाडली आणि पुन्हा मतपेटी भरली. ज्या बाईवरून हे सुरू झाले, तिला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये निर्दोष सोडले.

‘बौद्ध धर्मात हे घडत नाही’ असे आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी म्हणतेच. श्रीलंकेचे पंतप्रधान बंडारनायके यांना सप्टेंबर १९५९ मध्ये एका भिक्खूने गोळ्या घातल्या. तीन वर्षांपूर्वी सिंहली हीच राजभाषा करण्याचे आश्वासन देऊन, भिक्खूंच्या पाठिंब्यावरच ते निवडून आले होते. दारिद्र्य आणि अज्ञान यांनाच कारण मानणाऱ्यांनी जपानचा ओम शिन्रिक्यो पंथ पाहावा. त्यात चांगल्या विद्यापीठांतून विज्ञान शिकलेले तरुण होते. फेब्रुवारी १९९० ची निवडणूक पंथाने लढवली, सगळे उमेदवार पडले आणि २० मार्च १९९५ रोजी त्यांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला.

परवानगी नाकारणाऱ्यांची नोंदही त्याच पानावर करावी, नाहीतर अभ्यास एकांगी होतो. बेलफास्टचे पाद्री अ‍ॅलेक रीड वर्षानुवर्षे वेगवेगळ्या राजकीय बाजूंचे निरोप गुपचूप पोहोचवत राहिले. १९८८ मध्ये जमावाने पकडलेल्या आणि मग सशस्त्र गटाने मारलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांशेजारी रस्त्यावर गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना म्हटली, तेव्हा त्यांच्या खिशात त्याच वाटाघाटींचे कागद होते. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २०१३ नंतर ख्रिस्ती आणि मुस्लिम टोळ्या एकमेकांना मारत असताना बांगीच्या आर्चबिशपांनी तेथील प्रमुख इमामांना आपल्या घरी महिनोन्‌महिने आसरा दिला.

मोबाइलवर आलेल्या चित्रफिती

येथे नियम कडक ठेवावा. बैठकीत हत्येची चित्रफीत कोणीही लावायची नाही, पाठवायची नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्याने ते थेट प्रक्षेपित केले होते, कारण प्रेक्षक हाच त्याचा उद्देश होता. तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत त्याचे नाव न घेण्याचे ठरवले. आम्हीही शक्य तेथे मारेकऱ्याचे नाव घेत नाही, मृतांचे घेतो. ज्या नावाभोवती आधीच राजकारण उभे राहिले आहे तेवढे अपवाद म्हणून येते.

आलेला मजकूर तपासताना तो खरा की खोटा एवढेच पाहून थांबू नये. हे आजच का आले, पहिल्यांदा कोणत्या गटात आले आणि त्यात काय करायला सांगितले आहे, तेही पाहावे. म्यानमारमध्ये रोहिंग्या मुस्लिमांविरुद्धचा द्वेष फेसबुकवरून किती पसरला, याकडे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी पथकाने २०१८ मध्ये लक्ष वेधले होते. त्याआधी ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली होती. पण म्यानमारला जायचेही कारण नाही. जून २०१४ मध्ये विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात तणाव असताना हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या एका तरुण अभियंत्याला जमावाने मारले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच ओळख पुरेशी ठरली. २०२३ मध्ये सर्व आरोपी पुराव्याअभावी सुटले.

जेथे घडले नाही तेथेही जावे

पेटलेल्या गावांचाच अभ्यास केला तर हिंसा अटळ वाटू लागते. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची मोजदाद केली, तेव्हा मृत्यूंपैकी जेमतेम चार टक्के खेड्यांत झाले होते आणि आठ शहरांत मिळून जवळजवळ निम्मे. म्हणजे बहुतेक ठिकाणी बहुतेक काळ काहीच घडत नाही. जेथे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये अशा ठिकाणी दोन्ही समाजांचे लोक रोज एकत्र काम करतात, तेथे अफवा संध्याकाळपर्यंत विझते, असे त्यांना आढळले.

आपल्याकडचे उदाहरण भिवंडीचे. १९७० आणि १९८४ मध्ये ते गाव भयानक पेटले होते. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि बीटवरचा हवालदार नियमित बसू लागले, नळावरच्या भांडणापासून सगळे तेथे येऊ लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती आणि सुमारे नऊशे माणसे मेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्या भागातली शांतता समिती फक्त गणपती आणि ईदच्या आधी भरते की वर्षभर, हे पोलीस चौकीत जाऊन विचारणे हा आमच्या वर्गाचा ठरलेला गृहपाठ आहे.

निकालाची जागा

उजव्या पानाच्या तळाशी सोडलेली जागा बहुधा वर्षानुवर्षे रिकामी राहते. अटक म्हणजे आरोप, दोषारोपपत्र म्हणजेही आरोपच, आणि पहिल्या न्यायालयाचा निकाल हासुद्धा शेवटचा शब्द नसतो. दाभोलकर खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. सूत्रधार कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला. जर्मन बेकरी खटल्यात २०१३ मध्ये फाशी झालेल्या आरोपीला २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने स्फोटाच्या कटातून मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याची शिक्षा कायम ठेवली. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत आधी अटक झालेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. त्याच्या दहाच दिवस आधी, २१ जुलै रोजी, ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांतल्या बारा जणांची शिक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली होती, ज्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावलेली होती. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे.

ऑगस्ट २०२५ च्या बैठकीत आम्ही ही दोन्ही पाने उघडली. समासात पेन्सिलीने लिहिलेली नावे होती, दोन्ही पानांवर, आणि लिहिणारे बहुतेक जण खोलीतच बसले होते. एका मुलाने पान फाडून टाकायचे का, असे विचारले. फाडले नाही. निकालाची तारीख हिरव्या शाईने लिहिली, मृतांच्या आकड्यापुढे ‘दोषी’ या शब्दासमोरची जागा तशीच रिकामी ठेवली आणि खाली आणखी चार ओळी सोडल्या.